पांढऱ्या नव्या गाडीवर तांबडे ठिपके पुन्हा पुन्हा येतात? आधी बंपर बघा

गाडी घेऊन तीन-चार महिने झालेत. रंग पांढरा. पहिला पाऊस पडून गेलाय आणि एका सकाळी बॉनेटवर, टपावर, डिकीच्या दारावर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसतात. धुतले तरी जात नाहीत. नखानं खरवडलं तर एखादा निघतो, बाकीचे तिथंच. वॉशिंग सेंटरवाला वाकून बघतो आणि म्हणतो, "साहेब, पत्राच गंजायला लागलाय बघा." हप्ते अजून पाच वर्षं फेडायचेत आणि पत्रा गंजला म्हटल्यावर पोटात गोळा येतो. मग पॉलिश मारून घेतलं जातं, दोन महिने गाडी लखलखते, आणि पुन्हा तेच ठिपके.

आमच्या कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, या कारखान्यांच्या भागांत ज्यांची रोज ये-जा आहे त्यांच्याकडून मी ही तक्रार सतत ऐकतो. मी स्वतः शिरोलीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. माझ्या गाडीवर हे तीन वेळा झालं. पहिल्या दोन वेळा मी चुकीचा उपाय केला आणि त्यात गाडीच्या रंगाचं जे नुकसान झालं ते आता भरून येणार नाही. तुमचं होऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

गंज कुणाचा, हे आधी ठरवा

तिसऱ्या वेळी मी पार्किंगमध्ये गाडीभोवती फिरून ठिपके मोजत होतो. आमच्या फेटलिंगमधले, म्हणजे ओतीव भाग घासणाऱ्या विभागातले, एक मामा शिफ्ट संपवून निघाले होते, ते थांबले. त्यांनी पुढच्या बंपरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, ह्यो आपल्याच ग्राइंडरचा कीस हाय. बंपर कवा गंजतोय व्हय?"

एवढ्या एका वाक्यात निदान झालं. बंपर प्लास्टिकचा असतो. आरशांची कव्हरंही प्लास्टिकची. प्लास्टिकला गंज चढत नाही. बॉनेटवर आहेत तसेच ठिपके बंपरवरही असतील, तर तो तुमच्या पत्र्याचा गंज नव्हे. हवेतून येऊन रंगावर बसलेल्या लोखंडाच्या कणांचा तो गंज आहे.

उलट, ठिपके फक्त पत्र्यावर असतील, त्यातही बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि चाकांच्या वर असतील, तर जवळून बघा. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. ठिपक्याच्या जागी बारीक खड्डा दिसतो का? नख अडकतं का? तसं असेल तर तो खडी लागून उडालेला रंग आहे आणि खालचा पत्रा खरंच उघडा पडलाय. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सहापदरीकरणाच्या पट्ट्यातून रोज जाणाऱ्या गाड्यांना हे हमखास होतं. त्यावर या लेखातला उपाय चालणार नाही. गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे टच-अप पेन मिळतं. खड्डा स्वच्छ करून, कोरडा करून ते लगेच लावा. पावसाळ्याआधी लावलं तर उत्तम, कारण पाणी एकदा आत शिरलं की गंज रंगाच्या खालून पसरत जातो.

तिसरी शक्यता डांबराची. हे ठिपके काळे-तपकिरी, चिकट आणि बहुतेक दारांच्या खालच्या भागात असतात. टार रिमूव्हरनं पुसले की विरघळतात. यांच्यात आणि लोखंडाच्या ठिपक्यांत गल्लत होत नाही.

अजून एक तपासणी घरच्या घरी करता येते. गाडी धुवा, ओली असतानाच पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि बोटांच्या टोकांनी बॉनेटवरून हलका हात फिरवा. उघड्या बोटाला जो पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, तोच पिशवीतून पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अक्षरशः दचकलो. डोळ्यांना चाळीस-पन्नास ठिपके दिसत होते, हाताला मात्र सगळं बॉनेट दाणेदार लागत होतं. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवरही हे कण तेवढेच बसतात, फक्त दिसत नाहीत. म्हणून गडद गाडीवाल्यांनीही पिशवी फिरवून बघाच.

हे कण येतात कुठून

कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, साच्यातून काढलं की त्याच्या कडेचं जास्तीचं लोखंड ग्राइंडरनं घासतात. तेच फेटलिंग. त्यातून उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. शॉट ब्लास्टिंगमधूनही, म्हणजे पोलादी छर्रे मारून कास्टिंग साफ करताना, बारीक भुकटी सुटते. जड कण जवळच पडतात, हलके वाऱ्यावर जातात. तापलेला कण रंगावर पडला तर रंगाचा वरचा थर किंचित मऊ करून रुतून बसतो. थंड कणही खरखरीत असतो, तो चिकटून राहतो. मग दव पडतं, पाऊस पडतो, कणाला पाणी मिळतं, आणि तो गंजतो. गंजताना लोखंड फुगतं, त्यामुळं कण आणखी घट्ट बसतो आणि भोवतीच्या रंगात तांबूस डाग उतरतो. कण उन्हाळ्यात बसलेले असतात, दिसतात मात्र जूनमध्ये. "पावसानं गाडी गंजली" असं वाटतं ते त्यामुळंच.

फाउंड्रीच लागते असं नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये खिडक्यांना ग्रिल बसवणारा कटर चालवत असेल, गल्लीत फॅब्रिकेशनचं दुकान असेल, तरी पुरे. कटरच्या ठिणग्या गाडीच्या काचेतसुद्धा रुततात. रेल्वेरुळालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरही हे कण असतात. आणि शोरूममधून निघालेली कोरी गाडीसुद्धा स्वच्छ असेलच असं नाही. कारखान्यापासून आपल्यापर्यंत ती ट्रेलरनं किंवा रेल्वेनं येते, मग यार्डात उघड्यावर उभी असते. तुमच्या अलॉय व्हीलवर जे तांबूस दाणे दिसतात ते तर तुमच्याच ब्रेकचे.

मी काय चुकलो

पहिल्या वेळी मी गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी मशिननं रबिंग मारलं, म्हणजे खरखरीत पॉलिशनं रंग घासला. ठिपके गेले, गाडी नव्यासारखी दिसली, मी खूश होऊन घरी आलो. चार महिन्यांनी पुन्हा ठिपके, पुन्हा रबिंग. तिसऱ्या वेळी बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसत होत्या, आणि कडांवर चमक उतरली होती.

यात काय झालं ते समजण्यासाठी रंगाची जाडी डोळ्यांपुढं आणा. कंपनीतून येणाऱ्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन होतात. आपला एक केस साधारण 70 मायक्रॉन. म्हणजे पत्र्याला गंजापासून जपणारा थर, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट हे सगळं मिळून दोन केसांची जाडीसुद्धा भरत नाही. त्यात क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉन. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला तोच वाचवतो. जाडं रबिंग कंपाउंड मशिननं मारलं की त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात, आणि बॉनेटच्या घड्या, दारांच्या कडा अशा उंचवट्यांवर जास्त जातात. तो थर परत वाढत नाही. असं सात-आठ वेळा झालं की काही वर्षांत टपावरचा क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. मग सगळं पॅनेल रंगवण्याशिवाय इलाज नाही. काही साध्या पांढऱ्या रंगांवर तर वेगळा क्लिअर कोट नसतोच. पॉलिश करताना फडका पांढरा झाला तर तुमची गाडी तशी आहे, आणि तिथं प्रत्येक रबिंगमध्ये थेट रंगच जातो.

शिवाय रबिंग कणाचं फक्त डोकं छाटतं. रुतलेला भाग तिथंच राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा तांबडा होतो. ठिपके त्याच जागी परत का येतात, याचं अर्धं उत्तर हे आहे. उरलेलं अर्धं पार्किंगमध्ये आहे, त्याकडं येतोच.

कुणी बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड सुचवेल, कुणी लिंबू-चिंच. तांब्याचा हंडा चिंचेनं उजळतो म्हणून गाडीवर चिंच चोळू नका. अ‍ॅसिड दारांच्या फटींत, पत्र्याच्या सांध्यांत उतरतं, ते धुऊन निघत नाही, आणि जो गंज तुमच्या गाडीला नव्हता तो खरंच लागतो.

योग्य उपाय

बाजारात आयर्न रिमूव्हर नावाचा स्प्रे मिळतो. गाडीसाठीचा, न्यूट्रल पीएचचा घ्या. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, गाडी सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागत असताना काम काढा. आधी भरपूर पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्या, मग कार शॅम्पूनं धुवा. भांड्यांचा साबण किंवा निरमा नको. पाणी निथळलं की एका वेळी एकच पॅनेल घेऊन स्प्रे मारा आणि थांबा.

हे बघण्यासारखं असतं. पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही. मग एकेका ठिपक्याखालून जांभळा थेंब फुटतो, त्याचा ओघळ होतो आणि बॉनेटच्या उतारावरून खाली येतो. जिथं तुम्हाला काहीच दिसत नव्हतं तिथूनही ओघळ निघतात. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या बॉनेटवर जांभळ्या रेघांचं जाळं होतं. सोबत नासक्या अंड्यासारखा उग्र वास येतो. घाबरू नका. स्प्रेमधलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरून विरघळवतं, त्याचा तो रंग. जांभळा रंग आला म्हणजे निदानही पक्कं झालं. रंग आलाच नाही तर ठिपके बहुधा लोखंडाचे नाहीत, वरच्या तपासण्या पुन्हा करा.

हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा, लहान मुलांना लांब ठेवा. आणि स्प्रे गाडीवर वाळू देऊ नका. बाटलीवर दिलेल्या वेळेआत, सहसा पाच मिनिटांच्या आत, पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन टाका. जुने ठिपके असतील तर दुसरा हात लागतो. रुतून सहा महिने झालेल्या माझ्या ठिपक्यांना तीन लागले.

त्यानंतर पुन्हा पिशवी फिरवा. अजून खरखर लागली तर क्ले बार घ्या. कणकेसारखा गोळा असतो. तळहातात बसेल एवढा तुकडा चपटा करा, पत्र्यावर शॅम्पूचं पाणी भरपूर मारा आणि गोळा जोर न लावता सरळ रेषेत पुढं-मागं न्या. सुरुवातीला तो अडकत, घासत जातो, आवाजही येतो. आठ-दहा फेऱ्यांत तो काचेवरून सरकावा तसा सरकू लागतो, तेव्हा तेवढी जागा झाली. गोळ्याच्या तोंडावर तपकिरी मळ दिसेल. घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. गोळा एकदा जमिनीवर पडला तर टाकून द्या, कितीही जीवावर आलं तरी. त्यात चिकटलेला एक खडा संपूर्ण दारावर ओरखडा काढतो. सगळ्या गाडीला दोन-अडीच तास लागतात. आधी आयर्न रिमूव्हर, मग क्ले, हा क्रम उलटा करू नका, नाहीतर लोखंडाचे टोकदार कण क्लेखाली घासत फिरतात.

क्लेनं गडद रंगावर कधी हलक्या रेषा येतात. त्यासाठी हातानं अगदी बारीक फिनिशिंग पॉलिश एकदा पुरे. पांढऱ्यावर बहुधा त्याचीही गरज पडत नाही. मग वॅक्स किंवा सीलंट लावा, कारण क्लेनंतर रंग पूर्ण उघडा असतो. साधं वॅक्स आपल्या हवेत दोन-तीन महिने टिकतं, चांगलं सीलंट त्याहून जास्त. पाणी ओतल्यावर गोल थेंब न होता चादरीसारखं पसरायला लागलं की वॅक्स संपलं.

परत येऊ नये म्हणून

गाडी कुठं उभी असते, हाच खरा प्रश्न. मी रोज फेटलिंग शेडच्या एक्झॉस्ट पंख्यापासून वीस पावलांवर लावत होतो, कारण तिथं सावली होती. आता ऑफिसच्या पलीकडं उन्हात लावतो. तेवढ्यानं दोन पावसाळ्यांत ठिपके नाममात्र आले. ऊन रंगाला चांगलं नाहीच, पण उन्हापासून वाचवायला क्लिअर कोट आहे, रुतणाऱ्या लोखंडापासून तो वाचवत नाही. जागा निवडताना वाऱ्याचाही विचार करा. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडून असतो, हिवाळ्यात फिरतो. जूनमध्ये सुरक्षित असलेली जागा डिसेंबरमध्ये नसेल. कुठल्या बाजूच्या दारावर जास्त ठिपके आहेत ते बघा, कण कुठून येतात ते गाडीच सांगते.

घराशेजारी ग्रिलचं काम निघालं तर त्या दोन दिवसांपुरती गाडी दुसऱ्या गल्लीत लावा. शेजाऱ्याला सांगायला संकोच करू नका, बहुतेकांना ठिणग्या इतक्या लांब जातात हे माहीतच नसतं.

दुसरी सवय सोडायची ती सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकण्याची. मला यावर पोटतिडकीनं लिहावंसं वाटतं. आपल्याकडं दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या धुराड्यांतून, गुऱ्हाळांतून आणि पेटवलेल्या पाचटातून काळी राख उडते. सकाळी गाडीवर तिचे पापुद्रे पडलेले असतात, हातात घेतले तर चुरा होतो, म्हणून मऊ वाटतात. पण उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य. तिच्यात लोखंडाचे कण मिसळलेले. त्यावर कोरडा फडका फिरवणं म्हणजे रोज पॉलिश पेपर मारणं. सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा एकाच बादलीत दहा गाड्यांचा फडका बुडवतो, तेव्हा नऊ गाड्यांचा कचरा तुमच्या दारावर घासला जातो. त्याच्यावर रागवण्यापेक्षा त्याला सांगा की रोज पुसू नको, आठवड्यातून दोनदा आधी पाणी मार, मग पूस, आणि आपला मायक्रोफायबर त्याच्याकडं वेगळा देऊन ठेवा. पैसे तेवढेच द्या. कव्हर घालत असाल तर धुळीच्या गाडीवर घालू नका, वाऱ्यानं ते हलतं आणि आतली राख घासते.

बोअरच्या पाण्यानं धूत असाल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका. क्षारांचे पांढरे गोल उमटतात आणि तापल्यावर कोरले जातात. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच. ओला कागद पाच-सात मिनिटं ठेवून भिजवा आणि उचला, घासू नका.

नव्या गाडीची पूजा आपण करतोच, केलीच पाहिजे. फक्त अंबाबाईच्या देवळाजवळ पूजा झाल्यावर कुंकवाचा स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढायला सांगा, आणि पूजेआधी एक हात वॅक्स लावून ठेवा. हळदीचा डाग उन्हानं हळूहळू फिका होतो, पण आजच्या बऱ्याच कुंकवात रासायनिक रंग असतो, तो पांढऱ्यात उतरतो. जोतिबाला जाऊन आलात तर गुलालावर ओला फडका मुळीच लावू नका. ओला झाला की गुलालाचा रंग सुटतो आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत, दारांच्या रबरात कायमचा बसतो. डोंगर उतरल्यावर पंक्चरच्या दुकानात हवेच्या पाइपनं आधी कोरडाच उडवून टाका, मग भरपूर पाणी, मग शॅम्पू.

कोटिंग घेऊ का?

सिरॅमिक कोटिंग वाईट नाही. मी घेतलं आहे. पण ते एक-दोन मायक्रॉनचा थर असतो. त्यानं मळ कमी चिकटतो, धुणं सोपं जातं, लोखंडाचे कणही लवकर सुटतात. कण येणं मात्र थांबत नाही, आणि खडीपासून ते वाचवत नाही. खडीसाठी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) आहे, रंगावर चिकटवायची साधारण 150 ते 200 मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. खर्च मोठा असतो, तेव्हा महामार्गावर रोज असाल तर निदान बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या भागाला लावा. दोन्हींच्या आधी एकच प्रश्न विचारा: लावण्यापूर्वी आयर्न रिमूव्हर आणि क्ले करणार का? डिलिव्हरीच्या दिवशी घाईत दोन तासांत कोटिंग करून देतो म्हणाले तर नको म्हणा. खाली अडकलेले कण कोटिंगखालीच गंजतात आणि मग ते कोटिंग उतरवल्याशिवाय निघत नाहीत.

वॉरंटीच्या भरवशावर राहू नका. पुस्तिकेत बाहेरून आलेली औद्योगिक धूळ, विष्ठा, झाडाचा चीक यांनी झालेलं नुकसान बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं. पत्रा आतून गंजत असेल, बंपरवर एकही ठिपका नसेल आणि खड्डाही नसेल, तर मात्र फोटो काढून लगेच सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा, तो तुमचा हक्क आहे.

अपघातानंतर एखादं पॅनेल बाहेर रंगवून घेतलं असेल तर त्यावर निदान महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग लावू नका. कंपनीचा रंग साधारण 140 अंशांवर भाजलेला असतो, वर्कशॉपचा 60 च्या आसपास वाळवलेला. त्यातलं द्रावण बाहेर पडायला वेळ लागतो. तोवर त्या पॅनेलला साधं पाणी आणि शॅम्पू एवढंच. बाकीच्या गाडीचं काम मेच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या सरी येऊन गेल्या की उरकून घ्या. प्लास्टिकची पिशवी मी डॅशबोर्डच्या कप्प्यातच ठेवलेली असते.